खुडूक: बसवायची की उठवायची

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून ती उबवायला बसायच्या नादाला लागली, की आधी तिचा आवाज बदलतो. एरवी अंडं घालून खाली उतरल्यावर अख्ख्या वाडीला कळेल इतक्या जोरात ओरडणारी कोंबडी घशातल्या घशात ‘खुडुक, खुडुक’ करत फिरायला लागते. पिसं फुगवते, शेपटी पसरते, दुसरी कोंबडी जवळ आली की अंगावर जाते. मग एक दिवस ती टोपलीतून उठतच नाही. संध्याकाळी अंडी काढायला हात घातला की आतून गुरगुरल्यासारखा आवाज येतो आणि मनगटावर टोच बसते. तिला उचलून पोटाखाली बघितलं तर छातीची पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते, हाताला चांगलीच गरम लागते. ही उघडी कातडी अंड्याला थेट टेकावी म्हणून तिच्या शरीराने केलेली तयारी असते.

आमचं घर कोकणात, लांजा तालुक्यातल्या एका वाडीत आहे. मागे परडं, परड्याच्या कडेला गोठा आणि गोठ्याला लागून खुराडं. पंधरा-वीस कोंबड्या, दोन कोंबडे, वर वर्षभर कमीजास्त होणारी पिल्लं, एवढा आमचा पसारा. आधी तो सासूबाईंच्या हाताखाली होता, आता बराचसा माझ्याकडे आहे, पण अवघड वेळेला शेवटचा शब्द त्यांचाच. या सगळ्या काळात एक गोष्ट मला पक्की पटली आहे. कोंबडी खुडूक झालेली दिसली की त्याच संध्याकाळी ठरवायचं, हिला अंड्यांवर बसवायची की खुडूक मोडून उठवायची. ‘बघू दोन दिवस’ असं करून तिला रिकाम्या टोपलीत ठेवणं हे सगळ्यात वाईट.

कारण खुडूक आपोआप उतरायला कित्येक आठवडे लागतात. तेवढा काळ ती दिवसातून एकदा कशीबशी दाणे टिपते. वजन उतरतं, तुरा फिका पडून आक्रसतो, धुळीत लोळणं बंद झाल्यामुळे अंगात उवा-पिसवा होतात. तिच्या टोपलीत बाकीच्या कोंबड्या घुसून अंडी घालतात, त्या झटापटीत एखादं फुटतं, फुटलेल्याची चव लागली की अंडी खायची खोड लागते. आणि तिच्या पोटाखाली दोन-तीन दिवस गरम झालेली अंडी ना खाण्याच्या कामाची राहतात ना उबवण्याच्या.

खुडूक येण्यामागे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक असतं. गावठी कोंबडी एका दमात बारा-पंधरा अंडी घालते. टोपलीत अंडी साठलेली दिसली, पोटाला लागली, जागा अंधारी आणि उबदार असली की हे संप्रेरक वाढतं आणि अंडी घालणं थांबतं. रोजच्या रोज अंडी काढून घेतली तर खुडूक थोडी लांबते, टळत नाही. म्हणून तर गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंड्यांच्या फार पुढे जात नाही. लेगहॉर्नसारख्या पोल्ट्रीच्या कोंबड्या वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात, कारण पिढ्यानपिढ्या निवड करून त्यांच्यातली खुडूकच काढून टाकली आहे. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्राने दिलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया, या परसातल्या सुधारित जातीही सहसा बसत नाहीत. त्यांची पिल्लं प्रत्येक वेळी विकत आणावी लागतात. गावठीचं तसं नाही. अंडी तिची, ऊब तिची, राखणही तिचीच. म्हणून कमी अंडी देते अशी तिची तक्रार करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता बसवायची कधी आणि उठवायची कधी, हे आमच्याकडे पावसावर ठरतं. नवरात्रापासून महाशिवरात्रीपर्यंत जी खुडूक होईल तिच्या खाली बिनधास्त अंडी घालावीत. हवा कोरडी असते, झोडणीनंतर खळ्यात सांडलेला भात असतो, किडे-वाळवी मुबलक मिळते. चैत्र-वैशाखात अंडी टोपलीत जायच्या आधीच खराब होतात. ठेवलेल्या जागी ऊन्हाळ्याची गरमी लागली की आतला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मग अर्धवटच मरतो. आषाढ-श्रावणात पिल्लं निघतात खरी, पण ओल्या जमिनीवर ती गारठतात, नाहीतर रक्ती हगवण लागते. जून-जुलैत पिल्लं काढून दिवाळीपर्यंत निम्मीसुद्धा हाती न लागलेली घरं वाडीत कितीतरी आहेत.

गेल्या वर्षी नेमकी मृगाच्या पावसात आमची कवडी खुडूक झाली. कवडी म्हणजे अंगावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, आमच्यातली सगळ्यात चांगली आई. तिला उठवायचं जिवावर आलं होतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदाच सांगितलं, ‘‘अगो, पावसात पोरं काढून कुठं ठेवशील? उठव तिला.’’

उठवायच्या जुन्या तऱ्हा आमच्या भागात भरपूर आहेत. कोणी कोंबडीला पाण्यात बुचकळतं, कोणी पायाला दोरी बांधून अंगणात उभी करतं, कोणी तिचंच पीस उपटून नाकपुडीतून आरपार घालतं. पीस घातल्यावर ती ते काढायच्या नादात टोपली विसरते, असं सांगतात. माझ्या घरात मी हे होऊ देत नाही. कोंबडीला त्यात निव्वळ वेदना आहे, जखम चिघळते, आणि त्याची गरज तर मुळीच नाही. बुचकळण्याबद्दलही माझं मत तेच. पावसाळ्यात भिजलेली कोंबडी दिवसभर वाळत नाही, गारठून आजारी पडते, आणि वाळली की पुन्हा टोपलीत जाऊन बसते.

सोपा उपाय हवेचा आहे. खुडूक कोंबडीला पोटाखाली ऊब हवी असते, तीच काढून घ्यायची. माझ्याकडे जाळीच्या तळाचा एक पिंजरा आहे. तो पडवीत दोन दगडी चिऱ्यांवर उचलून ठेवला, की खालून वारा खेळता राहतो. आत गवत नाही, पेंढा नाही, टोपली नाही. उजेड भरपूर, दाणे आणि पाणी नेहमीसारखं पोटभर. उपाशी ठेवायचं कारण नाही, उलट खाल्लं-प्यालं तर ती लवकर अंड्यावर येते. कवडीला त्यात ठेवली तेव्हा आधी ती जाळीवरच पसरून बसली. दुसऱ्या दिवशी बसलेली-उठलेली असं चाललं. मग उभी राहायला लागली, जाळीतून बाहेरच्या कोंबड्यांकडे बघून नेहमीच्या आवाजात बोलायला लागली. साधारण तीन-चार दिवसांत हे होतं, पहिल्याच संध्याकाळी पकडली तर त्याहून लवकर, आणि आठवडाभर बसू देऊन मग पकडली तर जास्त. उठली की नाही हे बघायला तिला मोकळी सोडायची. थेट टोपलीकडे धावली तर पुन्हा पिंजरा, मातीत उकरायला लागली तर काम झालं. त्या दिवसांत तिची जुनी टोपली उलटी टांगून ठेवावी, म्हणजे ओळखीची जागाच राहत नाही. उठल्यावर दोन-तीन आठवड्यांत अंडी सुरू होतात. कवडीनेही श्रावणात घातली.

बसवायचं काम जास्त जपून करावं लागतं. दसऱ्यानंतर आमची उलट्या पिसांची कोंबडी खुडूक झाली, तेव्हा आठवडाभर आधीपासून माझी अंडी निवडून ठेवलेली होती. रवणीला, म्हणजे उबवायला, घालायचं अंडं मध्यम आकाराचं, नीट गोलाईचं, टणक कवचाचं हवं. फार मोठ्यात कधी दोन बलकं निघतात, फार लहानातलं पिल्लू अशक्त. घाण लागलेलं अंडं घ्यायचं नाही आणि धुवायचंही नाही, कारण कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो तो धुण्यात जातो आणि भोकांतून जंतू आत शिरतात. आठवड्याच्या आतलं अंडं असावं. म्हणून मी प्रत्येक अंड्यावर घातल्याची तारीख पेन्सिलीने लिहिते. ठेवायची जागा आमच्याकडे ठरलेली, माजघरातल्या थंड कोपऱ्यात नाचणीच्या मडक्यात, टोकाची बाजू खाली. फ्रीजमधलं अंडं मी रवणीला घालत नाही.

आणि कोंबडा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चालता-फिरता कोंबडा नसेल तर बाकी सगळी तयारी वाया. कोंबडा बदलला असेल तर दोन-तीन आठवडे थांबावं, कारण जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकतं. आमच्याकडे कोंबड्याचा जीव तसा थोडाच. राखणीचा, म्हणजे राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, नवस असतो, पाहुणे असतात, आखाडातला शेवटचा रविवार असतो. म्हणून त्यातला रवणीचा कोंबडा कोणता हे मी वेळेआधी घरात सगळ्यांना सांगून ठेवते.

टोपली आम्ही अशी भरतो. तळाला चुलीची चाळलेली राख आणि बारीक वाळू, वर निगडीचा पाला, त्यावर भाताचा मऊ पेंढा, मधे मुठीने दाबून खळगा. राखेने आणि निगडीने पिसवा लांब राहतात. पिसवा झाल्या तर चांगली बसलेली कोंबडीही टोपली सोडते, कारण रात्रभर त्या तिचं रक्त पितात. आईंचं म्हणणं, टोपलीत एक कोळसा आणि एक लोखंडी खिळाही ठेवायचा, म्हणजे वीज कडाडली तरी अंड्यातला जीव दचकत नाही. त्यांच्या सासूनेही ठेवला, मीही ठेवते. अंडी विषम घालतात. उलट्या पिसांची अंगाने बेताची, म्हणून तिच्या खाली अकरा घातली. पंखाबाहेर एकही अंडं दिसता कामा नये, एवढंच मोजमाप. बाहेर राहिलेलं अंडं गार पडतं, मग ती फिरवताना ते आत जातं आणि दुसरं बाहेर येतं, असं करत सगळीच बिघडतात.

घालायची वेळ रात्रीची. गोठ्याच्या कोपऱ्यात माणसांची-गुरांची ये-जा नाही अशा जागी टोपली ठेवली, कोंबडीला तिच्यात बसवलं आणि दिवा लांब ठेवून एकेक अंडं तिच्या छातीखाली सरकवलं. पहिल्या अंड्याला तिने माझ्या बोटावर टोच मारली. दुसऱ्याला फक्त गुरगुरली. नंतर मान वाकवून चोचीच्या खालच्या बाजूने तीच अंडी आत ओढून घ्यायला लागली, अंग डावी-उजवीकडे हलवून खाली बसत गेली, पिसं सगळीकडून सैल सोडली आणि टोपली काठोकाठ भरून गेली. दिवस मोजायला तिथून सुरुवात. एकवीस.

त्या एकवीस दिवसांत आपलं काम थोडं, पण ते रोज करायचं. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, अंड्याला हवी असते साडेसदतीस अंशांची ऊब. हा हिशोब तिचा तीच सांभाळते, दिवसातून कितीतरी वेळा अंडी उलटवते, बाहेरची आत घेते. आपण फक्त तिला सकाळी एकदा उठवायचं. काही कोंबड्या स्वतः उतरतात, काही इतक्या कर्तव्यदक्ष की खाली उतरतच नाहीत. अशीला दोन्ही हातांनी उचलावं, पण आधी पंखाखाली बोटं फिरवून बघावं, तिथे अडकलेलं अंडं वर उचलताना पडतं. खाली ठेवली की ती पहिल्यांदा एकदम मोठी, भयंकर वासाची शीट टाकते. नवखा माणूस घाबरतो, पण ते दिवसभराचं साठलेलं असतं, कोंबडी ठणठणीत आहे. मग पाणी, मूठभर अख्खं भात नाहीतर मका, आणि राखेच्या खड्ड्यात लोळणं. अख्ख्या दाण्याने शीट घट्ट राहते, टोपली घाण होत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ती आपणहून परत जाते. तेवढ्यात दुसरी कोंबडी जाऊन टोपलीत बसली नाही ना, हे बघणं महत्त्वाचं. नवीन घातलेलं अंडं ओळखू यावं म्हणूनही पेन्सिलीची खूण कामाला येते.

सातव्या-आठव्या रात्री अंडी उजेडावर धरून बघायची. पूर्वी चिमणीच्या उजेडात हाताची नळी करून बघत, आता मोबाइलचा टॉर्च पुरतो. गोठ्यात पूर्ण अंधार करून मी टॉर्चवर अंड्याची रुंद बाजू टेकवते. चांगल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा पसरलेल्या असतात, मधे एक काळपट ठिपका. क्षणभर हात स्थिर ठेवला तर तो ठिपका हललेला दिसतो. माझा धाकटा मुलगा त्या रात्री माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. प्रत्येक अंड्याला ‘हललं, हललं’ म्हणत होता आणि आवाज केला की मी त्याला गप्प करत होते. दोन अंडी आरपार पिवळी निघाली, त्यांत काही नव्हतं. एकात नुसतं रक्ताचं कडं होतं, म्हणजे जीव धरून गेलेला. ती तिन्ही काढली. ठेवली असती तर कुजून फुटली असती, आणि कुजलं अंडं टोपलीत फुटलं की शेजारचीही जातात.

अठराव्या दिवसानंतर मी टोपलीला हात लावत नाही. अंडी फिरवणं कोंबडीही थांबवते, पिल्लू आत फिरून रुंद बाजूकडे तोंड करतं. फक्त आईंची एक पारख आहे, तेवढ्यापुरती त्या एकोणिसाव्या दिवशी अंडी बाहेर काढतात. कोमट पाण्याच्या घमेल्यात अंडं अलगद सोडायचं. जिवंत अंडं पाण्यावर स्थिर राहत नाही, आतल्या हालचालीने अधूनमधून दचके देतं आणि भोवती बारीक वलयं उठतात. मेलेलं नुसतं तरंगतं. कवचाला चीर गेलेलं अंडं चुकूनही पाण्यात घालायचं नाही, पिल्लू बुडून मरतं. विसाव्या दिवशी कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. आणि कोंबडी उत्तर देते, अगदी हळू, दुसऱ्या कुणाशी ती तसं बोलत नाही.

कवच फुटायला लागल्यावर माणसाला घाई होते. पिल्लू चोचीवरच्या टोकदार उंचवट्याने एक भोक पाडतं आणि तासन्‌तास तसंच पडून राहतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘‘सोल ना गो जरासं, बिचारं दमलं.’’ मी सोललं नाही. त्या वेळात ते उरलेलं बलक पोटात ओढून घेत असतं, पडद्यावरच्या शिरांतलं रक्त परत अंगात जात असतं. घाईने सोललं तर शीर फुटून रक्त वाहतं. फार कोरडी हवा असेल आणि पडदा सुकून चिकटलेला दिसला तर बोटाने कोमट पाणी लावावं, त्यापुढे जाऊ नये. आमच्या टोपलीतल्या आठांपैकी सात पिल्लं बाहेर आली, आठवं आतच गेलं. पोटातल्या बलकावर पिल्लं दोन दिवस सहज जगतात, म्हणून आधी निघालेल्यांना खायला घालायची गडबड करू नये. सगळी निघून, वाळून, कोंबडीच्या पंखातून डोकी बाहेर काढायला लागली की मगच तिला उठवायचं.

याच सुमारास माझी तुरेवाली रवणीला होती आणि तिचं नशीब वेगळं निघालं. तिच्या टोपलीत रात्री घोरपड शिरली. सकाळी बघितलं तर कवचाचे तुकडे, दोन अंडी उरलेली, आणि ती तशीच त्यांच्यावर बसलेली. ती दोन अंडीही गार पडून गेली होती. एकवीस दिवस उलटून गेले तरी कोंबडी उठेना. तेव्हा तालुक्याच्या गावातून ग्रामप्रियाची एक-दोन दिवसांची पिल्लं आणली. रात्री अंधारात दोन्ही अंडी काढून घेतली आणि पिल्लं एकेक करून तिच्या पोटाखाली सारली. पहिलं पिल्लू आत गेल्यावर ती ताठ झाली, मग तो हळू आवाज सुरू झाला. सकाळी ती आठ पिल्लं घेऊन टोपलीबाहेर उभी होती. हे जमतं ते फक्त खुडूक पूर्ण चढलेल्या कोंबडीबरोबर, रात्रीच, आणि पिल्लं अगदी लहान असतील तर. आठवड्याची पिल्लं तिला आई मानत नाहीत आणि तीही त्यांना टोचून मारते. तेव्हापासून टोपलीवर रात्री डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, उपडं घालतो आणि डालग्यावर चिरा ठेवतो. घोरपड, मुंगूस, नाग, सगळ्यांना अंड्याचा वास लागतो.

पिल्लांच्या पहिल्या दिवसांत बारीक कणी, नाचणी, आणि पाण्यासाठी उथळ परात. परातीत खडे टाकायचे म्हणजे पिल्लू बुडत नाही. सगळ्यात चांगलं खाणं वाळवीचं. जुन्या मडक्यात ओलं शेण, पेंढा आणि काटक्या भरून ते संध्याकाळी वारुळाशेजारी उपडं ठेवायचं, सकाळी आत वाळवी भरलेली असते. मडकं झाडलं की कोंबडी विशिष्ट आवाज काढून पिल्लांना बोलावते, स्वतः एकही टिपत नाही, उचलून पुन्हा खाली टाकते, पिल्लांना दाखवते. घार वर फिरायला लागली की दुसरा आवाज, लांबट आणि खालच्या पट्टीतला, आणि सातही पिल्लं एका क्षणात तिच्या पंखाखाली. कावळ्याला मात्र ती कधीकधी फसते, एक पुढून खिजवतो आणि दुसरा मागून उचलतो. म्हणून पहिले दोन आठवडे मी पिल्लं खळ्यात डालग्याखालीच ठेवते आणि कोंबडीला बाहेर मोकळी सोडते. ती लांब जात नाही.

यानंतरचं काम लसीचं, आणि यात माझा आग्रह असतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. मान वाकडी, हिरवी शीट, आणि सगळं संपतं. तिच्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लं सहा-सात दिवसांची झाली की लासोटा नावाच्या लसीचा एकेक थेंब डोळ्यात नाहीतर नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी नावाची त्याच रोगाची दुसरी लस, ती पंखाखाली कातडीत टोचतात. मधे देवी रोगाची. अडचण अशी की लासोटाची छोट्यात छोटी कुपी आम्हाला शंभर मात्रांची मिळते. सात पिल्लांसाठी शंभर मात्रा कोण आणणार? आणि एकदा कालवली की ती दोन तासांत संपवावी लागते, तोवर थंड राहायला हवी. त्यामुळे बायका लस सोडूनच देत होत्या. आम्ही वाडीतल्या सगळ्या घरांची पिल्लं मोजली, एक दिवस ठरवला, पैसे वाटून घेतले. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणली आणि भल्या पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी, घरोघर जाऊन थेंब घातले. हातात धरलेलं पिल्लू थेंब पडल्यावर डोळा मिटतं, तो पुन्हा उघडेपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर थेंब बाहेर ओघळतो. आजारी, मरगळलेलं पिल्लू त्या दिवशी वगळतो. आता रवणी घालतानाच बायका एकमेकींना विचारतात, तुझी कधी निघणार, म्हणजे पिल्लं एका वयाची होतील आणि कुपी वाया जाणार नाही.

सहा-आठ आठवडे झाले की कोंबडी एका सकाळी पिल्लांना टोचून लांब करायला लागते. कालपर्यंत चोचीतला दाणा देणारी आई अंगावर धावून येते, पिल्लं गोंधळून चिवचिवत मागे फिरतात. मुलाला फार वाईट वाटलं. पण तिचा तुरा पुन्हा लाल झालेला असतो, अंडी जवळ आलेली असतात. तेव्हाच तिला वेगळं खाणं सुरू करावं, शिंपल्याचा चुरा घालावा. दोन महिने तिने अंगातलं सगळं वेचून दिलेलं असतं.

उलट्या पिसांचीच्या सातांतले चार कोंबडे निघाले, तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या. एक कोंबडा देवाच्या राखणीला आधीच बोललेला आहे, दोन बाजाराला जातील. चौथा, तांबूस अंगाचा, लांब पायाचा, तो पुढच्या वर्षासाठी ठेवणार. शेजारच्या काकींकडे यंदा चांगली अंडी आहेत पण एकही कोंबडी बसलेली नाही. त्यांच्याशी बोलणं झालं आहे, नवरात्रात कवडी खुडूक झाली की अंडी त्यांची, कोंबडी माझी, पिल्लं निम्मी-निम्मी, आणि विषम निघाली तर वरचं पिल्लू कोंबडीवालीचं. लसीचे पैसे ज्याच्या त्याच्या पिल्लांप्रमाणे.